थम्स अप कुणाचं? परदेशात नाव जपण्याची गोष्ट



मनमाडहून दौंडकडे रेल्वेने जाताना अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांजवळ खिडकीतून एक सुळका दिसतो. मूठ आवळून अंगठा वर केल्यासारखा. त्याचं खरं नाव हडबीची शेंडी. पण डब्यातली पोरं काय ओरडतात? "तो बघ, थम्स अपचा डोंगर!" तुमच्यापैकी नाशिक-नगरकडच्या मंडळींना हे नक्की आठवत असेल. एका शीतपेयाचं नाव डोंगराच्या नावावर चढून बसलं, इतकं ते आपलं झालं होतं.

आता अमेरिकेतल्या एखाद्या देशी किराणा दुकानात चला. तिथे तीच अंगठ्याची खूण दिसली की हात आपोआप बाटलीकडे जातो. पण हे नाव अमेरिकेत कुणाचं, यावर २०१६ पासून २०२२ पर्यंत भांडण चाललं, आणि निकाल ऐकून भले भले चक्रावले. आज ही गोष्ट सांगायची, कारण ती एका बलाढ्य कंपनीची असली तरी तिच्यातला धडा तुमच्या-आमच्या छोट्या धंद्याला लागू पडतो. दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या ताई, गोडा मसाला पाकिटात भरून विकणारं जोडपं, शनिवारी कथकचा वर्ग घेणाऱ्या बाई, या सगळ्यांना.

सुरुवात १९७७ पासून करू. आणीबाणी उठली, जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांनी आपला भांडवली हिस्सा कमी करावा, असा आग्रह सरकारने धरला. कोका-कोलाने ते मानलं नाही आणि भारतातून गाशा गुंडाळला. सरकारने 'डबल सेव्हन' नावाचं पेय बाजारात आणून पाहिलं. पण जागा पटकावली मुंबईच्या पार्लेवाल्या चौहानांनी. हे पार्ले म्हणजे आपल्या विलेपार्ल्याचंच नाव. रमेश चौहानांचं थम्स अप आलं. इंग्रजी स्पेलिंगमधलं 'बी' गाळलेलं, कोकपेक्षा जरा झणझणीत. गोल्ड स्पॉट आणि लिम्का ही त्याच घरातली भावंडं.

१९९३ साली कोका-कोला भारतात परतली, तेव्हा तिने चौहानांकडून हे ब्रँड विकत घेतले. म्हणजे भारतात थम्स अप आणि लिम्का या नावांची मालकी कोका-कोलाकडे आली. इथवर सगळं सरळ आहे.

अमेरिकेत मात्र कोका-कोलाने ही दोन नावं नोंदवून ठेवली नव्हती. मीनाक्षी एंटरप्राइझ नावाच्या एका कंपनीने २००८ पासून इथल्या देशी दुकानांना थम्स अप आणि लिम्का याच नावांची पेयं पुरवायला सुरुवात केली, आणि २०१२ मध्ये ती नावं अमेरिकेच्या पेटंट अँड ट्रेडमार्क ऑफिसात स्वतःच्या नावावर नोंदवली. २०१६ मध्ये कोका-कोलाने या नोंदण्या रद्द करा म्हणून अर्ज केला. म्हणणं असं, की गिऱ्हाइकाला वाटतं ही भारतातलीच पेयं आहेत, म्हणजे मालाच्या मूळ मालकाबद्दल दिशाभूल होते. २०२१ मध्ये ट्रेडमार्क ऑफिसच्या बोर्डाने कोका-कोलाची बाजू उचलून धरली.

मीनाक्षी कंपनी अपिलात गेली. जून २०२२ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने बोर्डाचा निकाल फिरवला. न्यायालय म्हणालं, ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. भारतातलं नाव भारतात. अमेरिकेत या नावामुळे आपली विक्री बुडाली किंवा आपल्या नावाला बट्टा लागला, हे कोका-कोलाने पुराव्यानिशी दाखवलेलं नाही, मग तिला रद्द करण्याची मागणी करण्याचा अधिकारच पोचत नाही. मीनाक्षी कंपनीचं वागणं योग्य होतं असं प्रमाणपत्र न्यायालयाने दिलेलं नाही, हे लक्षात ठेवा. प्रश्न दाराशीच अडला.

आणि यातला एक मुद्दा आपल्यासाठी फार महत्त्वाचा. बोर्डाने धरून चाललं होतं की अमेरिकेतल्या भारतीयांना थम्स अप माहीत असणारच. न्यायालय म्हणालं, माणूस भारतीय वंशाचा आहे एवढ्यावरून त्याला अमुक ब्रँड ठाऊक आहे असं गृहीत धरता येणार नाही, पुरावा द्या. तुमच्या घरी इथे वाढलेली मुलं असतील तर तुम्हाला हे पटेल. त्यांना हडबीची शेंडी दाखवली तर ती थम्स अप म्हणतील की फेसबुकचा लाइक म्हणतील?

तर मंडळी, पहिला धडा हा. पुण्यात किंवा कोल्हापुरात तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षं चालवलेल्या दुकानाचं नाव त्यांनी तिथे नोंदवलेलं असेल, तरी विमानात बसून ते तुमच्याबरोबर इथे येत नाही. इथे ते नव्याने मिळवावं लागतं. भारत २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आहे, अमेरिका २००३ पासून. त्यामुळे भारतातल्या अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारे इथे संरक्षण मागण्याची एक वाट आहे. पण ती वाटसुद्धा कुणीतरी चालावी लागते. आपोआप काही होत नाही.

आता तुम्ही विचाराल, अमेरिकेत हा हक्क नेमका येतो कुठून? त्यासाठी जरा मागे जाऊ.

अमेरिकेच्या संसदेने ट्रेडमार्क नोंदणीचा पहिला राष्ट्रीय कायदा १८७० मध्ये केला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला पहिली नोंद झाली ती ॲव्हरिल नावाच्या रंगाच्या कंपनीची, आणि चिन्हावर होता गरुड. पण १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच मोडीत काढला. खटले होते नकली शॅम्पेन आणि व्हिस्कीच्या लेबलांचे. न्यायालयाचं म्हणणं असं, की राज्यघटनेत संसदेला लेखकांच्या आणि संशोधकांच्या हक्कांचं रक्षण करायचा अधिकार आहे. पण ट्रेडमार्क हा काही शोध नाही आणि ग्रंथही नाही. तो वापरातून तयार होतो. दुकानदार नाव लावतो, माल विकतो, गिऱ्हाईक ओळखू लागतं, आणि मग त्या नावाला अर्थ येतो.

मग संसदेने दुसरी वाट धरली. राज्याराज्यांतल्या आणि परदेशांशी होणाऱ्या व्यापारावर तिचा अधिकार होता, त्याच्या आधाराने १८८१ आणि १९०५ चे कायदे झाले. शेवटी टेक्ससचे खासदार फ्रिट्झ लॅनहॅम यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. ५ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. आजही तोच लॅनहॅम कायदा चालतो. त्याचा पाया तोच जुना: व्यापारात वापर. नाव नुसतं मनात योजून ते तुमचं होत नाही.

'व्यापारात वापर' म्हणजे किती? इलिनॉयमधल्या झायन गावच्या एका चर्चने एका घोषवाक्याच्या टोप्या काढल्या होत्या. त्यातल्या दोन टोप्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका व्यक्तीने विकत घेतल्या. किंमत ३८ डॉलर ३४ सेंट. आदिदास कंपनीला मिळतंजुळतं नाव हवं होतं, म्हणून तिने चर्चची नोंदणी रद्द करायला सांगितली. हा कसला आंतरराज्य व्यापार, असा तिचा युक्तिवाद. २०१६ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितलं की या दोन टोप्यांची विक्रीसुद्धा संसदेच्या अखत्यारीतला व्यापारच आहे. म्हणजे धंदा लहान आहे म्हणून कायद्याच्या दारातून परत फिरायचं कारण नाही. पावती मात्र जपून ठेवा. त्या चर्चकडे दोन टोप्यांचा पुरावा होता, म्हणून तर हे जमलं.

आता समजा, तुम्ही नोंदणी केलीच नाही, नुसतं नाव लावून धंदा करता आहात. तरी काही हक्क मिळतो का? मिळतो. पण किती, ते दोन गोष्टींतून पाहू.

पहिली गोष्ट पिठाची. 'टी रोझ' नावाचं गव्हाचं पीठ ओहायोतली एक गिरणी १८७२ पासून विकत होती. इलिनॉयमधल्या हॅनोव्हर स्टार नावाच्या गिरणीने पुढे तेच नाव स्वतंत्रपणे, पहिलीचा पत्ताही नसताना घेतलं आणि अलाबामा व आसपासच्या दक्षिणेकडच्या राज्यांत बस्तान बसवलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९१६ चा निकाल असा: पहिली गिरणी आधीची खरी, पण दक्षिणेत तिचा माल पोचलाच नव्हता, तिथे लोक टी रोझ म्हणजे हॅनोव्हरचं पीठ असंच ओळखतात. तेव्हा तिथे हॅनोव्हरचा हक्क. नोंदणीवाचूनचा हक्क तुमचं नाव जिथवर पोचलं तिथवरच, हे तेव्हापासून पक्कं झालं.

दुसरी गोष्ट इलिनॉयमधल्याच मॅटून गावची. तिथे हूट्स नावाच्या दांपत्याचं आइस्क्रीमचं दुकान होतं. १९५७ मध्ये त्यांनी बर्गरही सुरू केले आणि नाव ठेवलं 'बर्गर किंग'. १९५९ मध्ये त्यांनी ते नाव इलिनॉय राज्यात नोंदवलं. तिकडे फ्लोरिडाच्या बर्गर किंगने १९६१ मध्ये केंद्रीय नोंदणी मिळवली. १९६८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. हूट्स दांपत्य प्रामाणिक होतं, आधीपासून धंदा करत होतं, म्हणून मॅटूनभोवतीच्या वीस मैलांत त्यांचंच नाव चालेल. बाकी सगळ्या इलिनॉयमध्ये मोठी कंपनी. राज्याची नोंदणी त्यांना पुऱ्या राज्याचा हक्क देऊ शकली नाही.

वीस मैल! आज तुमचा लाडू न्यू जर्सीतून टपालाने कॅलिफोर्नियाला जातो. वीस मैलांत तुमचं भागेल का, याचा विचार तुम्हीच करा. केंद्रीय नोंदणी झाली की अर्जाच्या तारखेपासून देशभर तुमचा अग्रक्रम धरला जातो. जो आधीपासून वापरत होता त्याला त्याचा भाग सुटतो, पण नंतर येणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही. हा नोंदणीचा सगळ्यात मोठा लाभ.

पण मिळालेलं टिकवावंही लागतं. दिल्लीचं 'बुखारा' हॉटेल आठवा. आयटीसी कंपनीने ते १९७७ मध्ये काढलं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला बुखारा उघडलं, पुढच्या वर्षी शिकागोला, आणि १९८७ मध्ये नाव अमेरिकेत नोंदवलंही. पण न्यूयॉर्कचं हॉटेल १९९१ मध्ये बंद पडलं आणि शिकागोचं १९९७ मध्ये संपलं. १९९९ मध्ये न्यूयॉर्कात 'बुखारा ग्रिल' सुरू झालं. ते काढणाऱ्यांत जुन्या बुखारात काम केलेली माणसंही होती. आयटीसीने दावा लावला आणि २००७ मध्ये ती अपिलात हरली. सलग तीन वर्षं नाव वापरलं नाही तर ते सोडून दिलं असं कायदा धरून चालतो. दिल्लीत रोज रांगा लागतात, हे इथे उपयोगी पडलं नाही.

तर मग आपल्या घरच्या धंद्यासाठी काय करायचं? क्रमाने सांगते.

आधी नाव. आपल्याकडे आडनावाचं दुकान ही जुनी रीत. बेडेकरांचा मसाला, चितळ्यांची बाकरवडी. इथे मात्र जे नाव लोकांना मुख्यतः आडनाव म्हणूनच कळतं, ते मुख्य नोंदवहीत सहजी घेत नाहीत. बरीच वर्षं, साधारण पाच वर्षं सलग आणि एकट्याने वापरून ते नाव तुमच्या मालाशी जोडलं गेलं असं दाखवावं लागतं. तसंच मालाचं वर्णन करणारं नाव. 'गोडा मसाला' हे नाव गोड्या मसाल्याला देता येणार नाही, ते सगळ्यांचं आहे. 'चविष्ट' हे नाव मराठीत आहे म्हणून तपासनिसाला कळणार नाही, अशा भ्रमात राहू नका. परभाषेतल्या शब्दाचा इंग्रजी अर्थ अर्जात द्यावा लागतो, देवनागरीत असेल तर रोमन उच्चारही. 'चविष्ट' म्हणजे टेस्टी हे कळलं की प्रश्न येणारच. ज्याचा मालाशी थेट संबंध नाही असं नाव सगळ्यात बळकट. मसाल्याला 'पारिजात' किंवा लाडवांना 'सह्याद्री' म्हणा, मात्र ते आधी कुणी घेतलेलं नसावं.

गावाच्या नावाचंही तेच. कोल्हापुरी चपलेला भारतात भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांसाठी. ते नाव कुणा एकाचं नाही. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला उल्लेखावाचून दाखवल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला तुम्हाला माहीत आहे. कंपनीने मूळ भारतीय असल्याचं नंतर मान्य केलं. पण भारतातलं मानांकन त्या देशाबाहेर आपोआप लागू होत नव्हतं, ही अडचण तीच, थम्स अपची.

नाव ठरलं की शोध घ्या. ट्रेडमार्क ऑफिसच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. हुबेहूब नाव नसलं तरी उच्चाराला सारखं किंवा अर्थाला जवळचं असेल, आणि माल एकमेकांशी संबंधित असेल, तर अर्ज अडतो. त्याबरोबर साध्या गुगलवर आणि देशी दुकानांच्या फळ्यांवरही बघा, कारण नोंदणीवाचूनचे हक्कही असतात, हे आत्ताच आपण पाहिलं.

मग वर्ग. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले तिसाव्यात, लोणचं एकोणतिसाव्यात, हॉटेल त्रेचाळिसाव्यात, नाच-गाण्याचे वर्ग एकेचाळिसाव्यात. जानेवारी २०२५ पासून मूळ फी दर वर्गामागे ३५० डॉलर आहे. मालाचं वर्णन ऑफिसच्या तयार यादीतून निवडलं तर बरं, स्वतःच्या शब्दांत लिहिलंत तर जादा आकार पडतो. ही फी परत मिळत नाही, म्हणून आधीचा शोध नीट करा. धंदा अजून सुरू व्हायचा असेल तर 'वापरण्याचा इरादा' म्हणूनही अर्ज करता येतो. ही सोय १९८९ पासून आली. पण पुढे खरा वापर दाखवल्यावाचून नोंदणी हाती पडत नाही.

अर्ज गेला की तपासनीस तो वाचतो. शंका असली तर पत्र येतं, आणि उत्तराला तीन महिने असतात. पसंत पडला तर नाव राजपत्रात छापतात आणि हरकत घ्यायला तीस दिवस देतात. त्यानंतर नोंदणी. तोवर नावापुढे 'टीएम' लावायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी हाती आल्यावरच. पुढे पाचव्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान 'अजून वापरतो आहे' असं प्रतिज्ञापत्र, मग दहाव्या वर्षी नूतनीकरण, आणि पुढे दर दहा वर्षांनी. ही तारीख फ्रीजवर लावून ठेवा.

एक सावधगिरी. अर्ज केला की तुमचा पत्ता जाहीर होतो, आणि सरकारी वाटतील अशी पत्रं येऊ लागतात, अमुक शेकडा डॉलर भरा म्हणून. घाबरून चेक फाडू नका. खरं काय ते ट्रेडमार्क ऑफिसच्या संकेतस्थळावर आपल्या अर्जाच्या क्रमांकाने पाहा. अमेरिकेत राहणाऱ्याला अर्ज स्वतः करता येतो. अर्जदार भारतात राहत असेल तर मात्र २०१९ पासून इथला परवानाधारक वकील सक्तीचा आहे. मॅटूनसारखं भांडण दिसत असेल तर वकिलाचे पैसे आधीच खर्च केलेले बरे.

आपल्या बायकांनी इथे स्वयंपाकघरातून केवढे धंदे उभे केलेत! चकलीचा साचा आईचा, कृती आजीची, आणि नाव बहुतेक वेळा लेकीचं. पीठ महाग झालं तर हिशोब करतो, डबा बदलला तर चर्चा करतो. नावाचा विषय मात्र "बघू पुढे" म्हणून राहून जातो. पुढे कुणी दुसऱ्याने ते नोंदवलं, की डबे, पाट्या, फेसबुकचं पान, सगळं बदलायची पाळी येते, आणि जुनी गिऱ्हाइकं "तुम्ही धंदा बंद केलात का हो?" म्हणून विचारतात.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. चहा घेता घेता आपल्या धंद्याचं नाव त्या शोधाच्या चौकटीत टाकून बघा. काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.